दामलेकाकांचं जुन्या पानांचं कपाट

सिंगापुरात मराठी माणसाच्या घरी जेवायला गेलं की आमटी वाढून होईपर्यंत एक प्रश्न येतोच, "आणि तुम्ही कुठे असता?" बहुतेक मंडळी आयटीत, उरलेली बँकेत. त्यामुळे उत्तर ऐकायच्या आधीच समोरचा मान डोलवायला लागतो. माझी पाळी आली की मात्र त्याचा घास हातात राहतो. कारण मी म्हणते, "मी ऑस्ट्रेलियाचा फौजदारी कायदा दुरुस्त करते."

"कुठून?"

"इथूनच. घर बुकित बातोकला, ऑफिस सेरंगूनला."

मग जो हशा पिकतो! एकदा एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, मग त्यांचं अंपायरिंग पण बघा की जरा!"

हसा बापडे. पण काम खरंच तेच. आमचं ऑफिस कायद्याचं एक जाडजूड पुस्तक चालवायचं. बांधलेलं नव्हे, सुट्या पानांचं, मोठ्या बाईंडरमधलं. ऑस्ट्रेलियात कायदा बदलला की तेवढीच पानं नव्याने छापून तिथल्या वकिलांना पाठवायची. सोबत एक स्लिप. स्लिपवर दोन रकाने. डावीकडे 'ही पानं काढा', उजवीकडे 'ही पानं लावा', आणि खाली चौकटीत 'लावणाऱ्याची सही'. तिकडचा क्लार्क स्लिप बघून जुनी पानं काढणार, नवी लावणार, सही ठोकणार. झालं काम. जुनं पान फेकून द्यायचं.

किश्श्यांना हा नियम लागू पडत नाही, हीच तर पंचाईत! नवा किस्सा आला म्हणून जुना कोणी काढून टाकत नाही. सात वर्षांत माझ्याकडे बरेच साठलेत, त्यातले थोडे सांगते. बहुतेक दामलेकाकांचेच निघतील, त्याला माझा इलाज नाही.

० ० ०

आधी माझीच फजिती सांगून टाकते, म्हणजे पुढे इतरांची सांगायला मी मोकळी.

पुण्याच्या कोर्टात तीन वर्षं काळा कोट घालून वावरले, मग नवऱ्याच्या एम्प्लॉयमेंट पासमागे इकडे आले. नोकरी लागून दीड महिना झाला होता. न्यू साउथ वेल्समधला जामिनाचा कायदाच्या कायदा नवा आला होता. जुनी सगळी पानं काढायची, नवी सगळी लावायची. स्लिप मी केली. डावा रकाना अगदी बिनचूक भरला. उजव्या रकान्यात आकडे नंतर टाकू म्हणून एक रेघ मारून ठेवली, आणि ती रेघ तशीच छापून गेली.

आमच्या भाषेत रेघ म्हणजे 'कलम रद्द, बदल्यात काही नाही'.

आणि तिकडचे क्लार्क इतके आज्ञाधारक, की पाकिटात नवी पानं असतानाही त्यांनी ती चुकून आली असं समजून बाजूला ठेवली. तीन आठवड्यांनी एका लहानशा गावातून एका वकिलाचा फोन आला. बिचारा फार अदबीने बोलत होता. "मॅडम, एक विचारू? आमच्याकडे जामीन बंद झालाय का? माझा अशील आत बसलाय, आणि माझ्या पुस्तकात जामीनच नाहीये!"

मी रिसीव्हर कानाला धरूनच स्लिपची प्रत शोधायला लागले. शेजारच्या टेबलावरून दामलेकाका उठले, शांतपणे रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "सर, जामीन आहे. पाकिटात आहे. फक्त आमची स्लिप सांगायला विसरली."

फोन ठेवल्यावर ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शुभदा, उजव्या रकान्यात रेघ मारताना दहादा विचार करत जा. रेघ दिसली की समोरचा माणूस धरून चालतो, आता आपल्याला बदल्यात काही मिळायचं नाही."

गंमत म्हणजे तो नवा कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात सरकारने तो परत बदलला. लावलेली पानं पुन्हा काढा! नवं पाकीट पोचल्यावर त्याच वकिलाचा फोन आला. "मॅडम, या वेळी रेघ नाही ना?"

० ० ०

आता दामलेकाकांची ओळख करून देते. अरुण दामले. नव्वदच्या दशकात पुण्याहून प्रूफरीडर म्हणून आले, पीआर झाले, मग नागरिक झाले, पण तपकिरी बूट आणि खिशातलं लाल पेन काही बदललं नाही. अक्षर असं, की त्यांनी लिहिलेली किराणामालाची यादीसुद्धा लोक जपून ठेवत. साठी उलटून गेली होती, दर वर्षी काँट्रॅक्ट वाढवून मिळायचं. मॅनेजर होती मिस टॅन, शिस्तीची बाई. आणि पुस्तक ऑनलाइन न्यायला आणलेला संदीप कुलकर्णी, मुंबईचा. भाडं कमी म्हणून वुडलँड्सला राहायचा आणि रोज एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जाणाऱ्या तासाचा हिशोब आम्हाला ऐकवायचा.

काकांकडे एक स्टीलचं कपाट होतं. हे काम मेलबर्नहून सिंगापूरला आलं तेव्हा सोबत खोक्यांमधून पन्नासेक वर्षांची काढलेली जुनी पानं आली होती. नियमाप्रमाणे ती नष्ट करायची. काकांनी ती लावून ठेवली, वर्षावर, कलमावर, दोऱ्याने बांधून.

मिस टॅन दर सहा महिन्यांनी कपाटासमोर उभी राहायची. "मिस्टर दामले, दिस इज अ‍ॅन ऑफिस, नॉट अ म्युझियम!" संदीपने तर श्रेडरच्या कंपनीकडून कोटेशनही आणलं होतं.

काकांचं उत्तर ठरलेलं. "माणसाला आजच्या कायद्याने नाही पकडत. गुन्हा ज्या दिवशी घडला, त्या दिवशीचं पान लागतं."

एके दिवशी खरोखरच एका वकिलाचा फोन आला. चाळीस वर्षांपूर्वीची एक जुनी केस आत्ता उभी राहिली होती, आणि त्या वर्षी ते कलम शब्दाशब्दाने काय होतं हे त्याला हवं होतं. त्याच्या लायब्ररीत नव्हतं. संदीपच्या कॉम्प्युटरमध्ये तर असणारच नव्हतं. काका उठले, चष्मा वर केला, तिसऱ्या कप्प्यातला एक गठ्ठा सोडला. चार मिनिटांत पान फॅक्सवर.

मिस टॅन दारातून सगळं बघत होती. म्हणाली, "ओके. वन मोअर इयर."

संदीपने कोटेशनची घडी घालून खिशात ठेवली.

० ० ०

मेलबर्नच्या ऑफिसात दरवर्षी एक मीटिंग असायची. चार दिवस, विमान, हॉटेल, सगळं कंपनीच्या खर्चाने. एका वर्षी मिस टॅनने काकांचं नाव घातलं. काकांनी नम्रपणे नकार दिला. दुसऱ्या वर्षी घातलं, पुन्हा नकार. तिसऱ्या वर्षी संदीपला राहवेना.

"काका, अहो फुकटात मेलबर्न! ओळखीचं कोणी नाही म्हणून कंटाळा येतो का?"

"नाही रे," काका म्हणाले. "तिथे माझा सख्खा भाऊ राहतो. म्हणून जात नाही."

धाकटा भाऊ, नाव वसंत, आणि छत्तीस वर्षांत दोघांचं बोलणं नाही, एवढं आम्हाला नंतर हळूहळू कळलं. कारण कळलं नाही, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

० ० ०

गप्प बसण्यावरून आठवलं. न्यू साउथ वेल्समध्ये आरोपीच्या गप्प बसण्याच्या हक्कावर एक नवा कायदा आला होता. आधी कसं होतं, पोलिसांसमोर गप्प बसलात तर तुमचा हक्क, त्यावरून कोणी काही अर्थ काढायचा नाही. नवा कायदा म्हणाला, गंभीर गुन्हा असेल, पोलिसांनी तशी खास सूचना दिली असेल, तरीही तुम्ही गप्प बसलात आणि पुढे कोर्टात नवीनच काही सांगायला लागलात, तर ज्यूरीने त्यावरून हवा तो अर्थ काढावा. फक्त एक अट. ती सूचना देताना तुमचा वकील तिथे स्वतः हजर पाहिजे.

संदीपने प्रूफ वाचलं आणि टाळीच मारली. "म्हणजे वकील ठाण्यात आला तर गप्प बसणं महाग, आणि आला नाही तर फुकट!"

आणि झालंही तसंच. तिकडच्या वकिलांनी ठाण्यात जाणंच बंद केलं. अशिलाला फोनवर सांगायचं, "गप्प बस, मी येत नाही. तुझ्याच भल्यासाठी येत नाही!"

संदीप म्हणाला, "आमच्याकडे बरं आहे. मी गप्प बसलो की बायको वकिलाशिवायच अर्थ काढते!"

आम्ही खो खो हसलो. काका हसले नाहीत. हातातलं पान खाली ठेवून म्हणाले, "माणूस अडकलेला असताना त्याच्या माणसाने जवळ न जाणं, हेच त्याच्या भल्याचं. असं कायद्यात पहिल्यांदाच वाचतोय. घरात मात्र पूर्वीपासून ऐकत आलोय."

एवढं बोलून ते चहा आणायला गेले. त्या दिवशी त्यांनी तीनदा चहा आणला.

० ० ०

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, एक चांगली गोष्ट झाली. न्यायाधीशांनी ज्यूरीला काय आणि कसं समजावून सांगायचं, हे कायद्यानेच सोपं केलं. ज्यूरीत दुकानदार असतो, नर्स असते, ड्रायव्हर असतो. त्यांना कळेल असं बोला! 'वाजवी शंका' म्हणजे काय, यावर तिथे वर्षानुवर्षं नुसता काथ्याकूट चालला होता. आता जजला साध्या शब्दांत सांगता यायला लागलं, की आरोपी 'बहुतेक दोषी असावा' एवढं वाटणं पुरेसं नाही.

काका दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे आले होते. माझी लेक ईरा तेव्हा नऊ वर्षांची. काकांच्या डोक्यात आलं, हे सोपं वाक्य खरंच सोपं आहे का ते हिच्यावर तपासून बघू.

डब्यातले चार बेसनाचे लाडू गायब झाले होते. काकांनी कोर्ट भरवलं. आरोपी माझा नवरा. साक्षीदार मी. मी शपथेवर सांगितलं, सकाळी दहा वाजता आरोपी स्वयंपाकघरात एकटा होता, आणि त्याच्या शर्टावर बेसन होतं!

"तर ज्यूरी मॅडम," काका म्हणाले, "लाडू कोणी खाल्ले?"

ईराने बाबाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, बराच विचार केला. "प्रॉबब्ली बाबा." मग मान हलवून अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट प्रॉबब्ली कॅनॉट, लाह. सो, नॉट गिल्टी."

काका इतके खूश झाले, की त्यांनी उभं राहून ज्यूरीला वाकून नमस्कार केला. जाताना बूट घालता घालता मला म्हणाले, "नऊ वर्षांच्या पोरीला कळतं, की खात्री नसताना माणसाला घराबाहेर काढायचं नाही."

घराबाहेर काढायचा विषय कुठे आला होता? मी विचारणार होते, पण लिफ्ट आली.

रात्री नवऱ्याने कबूल केलं. तीनच खाल्ले होते. चौथा ज्यूरीने!

० ० ०

यापुढचं जरा वेगळं आहे.

काकांच्या हातून प्रूफ आलं की ते लालेलाल असायचं. स्वल्पविराम चुकला तरी गोल. एका सोमवारी त्यांच्याकडून व्हिक्टोरियाचं एक नवं प्रकरण परत आलं, आणि त्यावर एकही लाल खूण नाही. मी चाळलं. पहिल्याच पानावर ढळढळीत तीन चुका. मी घाबरले. वाटलं, काकांना डोळ्यांचं काही झालं.

प्रकरण कशावर होतं सांगते. पूर्वी तिथे दोन पुरुषांचे संबंध हा गुन्हा होता, दोघेही मोठे असोत, दोघांचीही मर्जी असो, स्वतःच्या घरात असोत, तरीही. तो गुन्हा रद्द होऊन कित्येक वर्षं झाली होती, पण ज्यांना त्या काळी शिक्षा झाली त्यांच्या नावावर ती तशीच होती. आता नवा कायदा आला. त्या माणसाने अर्ज करायचा. मंजूर झाला की ती शिक्षा कधी झालीच नव्हती असं धरायचं. कोणी विचारलं तर 'मला कधी शिक्षा झालेली नाही' असं ताठ मानेने सांगायचा त्याला हक्क.

मी काकांना खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांकडे, घेऊन गेले. चहा समोर ठेवला. ते इकडे तिकडे बघून हळू बोलायला लागले, कारण सिंगापुरात तेव्हा तसलं कलम अजून कायद्यात होतं.

"हे माझ्या वसंताचं पान आहे, शुभदा."

वसंता इंजिनियर. मेलबर्नला नोकरी लागली आणि तिथे तो एका माणसाबरोबर राहायला लागला. कोणीतरी तक्रार केली, पोलीस आले. कोर्टाने दंड केला आणि सोडून दिलं. नोकरी मात्र गेली. कुणा ओळखीच्याकडून बातमी पुण्याला घरी पोचली.

"वडिलांनी मला समोर बसवलं आणि पत्र सांगितलं. माझं अक्षर चांगलं ना! मी लिहून काढलं. एकच पान. शेवटचं वाक्य, 'आजपासून तू आम्हाला नाहीस.' सही वडिलांची, अक्षर माझं. कोर्टाचा दंड त्याने त्याच दिवशी भरला असेल. माझ्या पानाची शिक्षा तो अजून भोगतोय."

मला सहानुभूती वगैरे वाटायला हवी होती. मला राग आला. वडीलधारा माणूस आहे हे मी विसरलेच. "मग इतक्या वर्षांत एक फोन करवला नाही तुम्हाला?"

"वडील होते तोवर हिंमत नव्हती. ते गेल्यावर भीतीचं कारण उरलं नाही. हिंमत तरीही आली नाही." चहावर साय धरली होती, ती त्यांनी चमच्याने बाजूला केली. "बघ, ज्या सरकारने त्याला शिक्षा केली, त्या सरकारला सुद्धा सुचलं. मला सुचलं नाही."

"आता सुचलंय ना? लिहा मग!"

"लिहायचंय. वर्षअखेरीला मी रिटायर होणार, पुस्तक छापणं बंद होणार. ही नोकरी सुटायच्या आत लिहिलं नाही, तर मी लिहिणार नाही. मी स्वतःला ओळखतो. आणि लिहून त्याने उत्तर दिलं नाही तर... तर तोही त्याचा हक्कच आहे."

वर येऊन काकांनी प्रूफ परत मागून घेतलं आणि तिन्ही चुकांवर लाल गोल केले.

० ० ०

वसंतरावांचा पत्ता सांगलीच्या बहिणीकडून मिळाला. पत्र काही लिहून होईना. रोज जेवणाच्या सुट्टीत काका कागद घेऊन बसायचे. 'प्रिय वसंता', आणि पुढे पांढरं. 'चि. वसंतास', आणि पुढे पांढरं. त्या सुंदर अक्षराची त्यांना स्वतःलाच शिसारी आली होती. एकदा मला म्हणाले, "टाइप करू का? निदान हे अक्षर तरी त्याला दिसायला नको."

संदीपलाही त्यांनी एव्हाना सगळं सांगितलं होतं. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "काका, तुम्हाला पत्र लिहिता येत नाही. मान्य करा! तुम्हाला स्लिप येते. स्लिप लिहा."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता ओरडतात. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक कोरी स्लिप काढली.

'ही पानं काढा: जुनं कलम, पान एक, सोबत जोडलं आहे. माझ्या अक्षरातलं पत्र, पान एक, तुझ्याकडे असल्यास.'

'ही पानं लावा: नवं कलम, पान एक, सोबत जोडलं आहे.'

त्याच्याखाली त्यांनी चार बोटं जागा सोडली. मी पाकीट बंद करायच्या आधी मुद्दाम बघितलं. रेघ मारलेली नव्हती.

० ० ०

श्रेडरवाले मशीन लावून गेले तो दिवस. कपाट रिकामं करायचं होतं, या वेळी 'वन मोअर इयर' नाही. मिस टॅनने नियम काढला होता, की नष्ट होणारं प्रत्येक पान रजिस्टरमध्ये चढायला हवं. किती पानं, कारण काय, आणि खाली साक्षीदार म्हणून तिची सही. कारणाच्या रकान्यात ती सगळीकडे एकच शब्द लिहीत गेली, 'रिप्लेस्ड'. जागी नवं पान आलं.

काका गठ्ठे सोडून देत होते. संदीप मशीनमध्ये घालत होता. इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघणारा संदीप, पण प्रत्येक गठ्ठ्याला आधी "घालू ना, काका?" असं विचारत होता.

शेवटी एका गठ्ठ्यात यादीपेक्षा एक पान कमी भरलं. मिस टॅनने पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी. एका कारकुनी चुकीसाठी लोकांना ई-मेलवर ई-मेल पाठवणारी ही बाई! तिने यादीवरचा कलमाचा नंबर वाचला. मग काकांकडे पाहिलं. काका बुटांकडे बघत उभे होते. ते पान आठवड्यापूर्वीच मेलबर्नला गेलं होतं.

मिस टॅनने रजिस्टर मिटलं. "मिस्टर दामले, आफ्टर लंच आय काउंट व्हेरी बॅडली."

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगते.

० ० ०

पाच आठवडे गेले, उत्तर नाही. सहावा गेला. टपाल आलं की काका मुद्दाम टेबलावरून उठून जायचे, आणि आम्ही पाकिटं उलटीपालटी करून बघायचो. संदीप म्हणायला लागला, "माझंच चुकलं, मी कशाला नको ती आयडिया दिली!" मीही देवाला चार शब्द सुनावले.

काकांचा शेवटचा दिवस उजाडला. केक होता, समोसे होते, मिस टॅनने दिलेलं घड्याळ होतं. काका सगळ्यांना थँक यू म्हणत होते आणि मधूनमधून दाराकडे बघत होते. चार वाजता रिसेप्शनवरून जाड पाकीट आलं. मेलबर्नचा शिक्का.

काकांनी ते उघडायला माझ्याकडे दिलं.

आत आमचीच स्लिप होती. डाव्या रकान्यात काकांच्या अक्षराखाली दुसरं अक्षर, तितकंच सुंदर. 'जुनं कलम काढलं. पत्र काढलं, सोबत परत पाठवतो आहे.' उजव्या रकान्यात नव्या कलमाच्या ओळीवर काट मारली होती. 'हे नको. मी काही केलंच नव्हतं, अर्ज कसला करू? हेही परत.' आणि त्याखाली, सोडलेल्या चार बोटं जागेत, फक्त एक फोन नंबर.

खालच्या चौकटीत, 'लावणाऱ्याची सही' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे, 'वसंता'.

पाकिटाच्या तळाशी ते पत्र होतं. घडीवर पिवळं पडलेलं, एका ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेलं. त्यानेही छत्तीस वर्षं फेकलं नव्हतं. काकांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटची ओळ पुन्हा वाचली. संदीप माझ्या मागे उभा होता, त्याने नाक ओढलेलं मला ऐकू आलं.

"संदीप, ते मशीन चालू आहे का रे?"

संदीपने बटण दाबलं. मशीन घुरघुरायला लागलं. मिस टॅनने केकची बशी बाजूला ठेवली आणि सवयीने रजिस्टर उघडलं.

"हाऊ मेनी पेजेस, मिस्टर दामले?"

"वन."

तिने एक लिहिलं. "रीझन?"

काकांनी ऐकलं नाही. त्यांनी माझ्या टेबलावरचा रिसीव्हर उचलला होता आणि स्लिप डोळ्यांसमोर धरून एकेक आकडा दाबत होते. पलीकडे बरीच रिंग वाजली. मग कोणीतरी उचललं.

"वसंता," काका म्हणाले, "मी अरुण."

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. काका नुसते "हो" म्हणाले, मग आणखी एकदा "हो". मिस टॅन अजून पेन धरून बसली होती. काकांनी डाव्या हाताने ते पिवळं पान संदीपकडे दिलं, रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि तिच्याकडे वळून म्हणाले,

"रिप्लेस्ड, मिस टॅन. राइट इट डाउन. रिप्लेस्ड."